'रणांगण' वाचतांना

कादंबरी कशासाठीं वाचावी, ह्या प्रश्नाला आपल्या घरांतून दोन उत्तरें फार दिवसांपासून तयार असतात. तरुण मंडळी म्हणतात, करमणुकीसाठीं. वडील मंडळी म्हणतात, वाचावयाचीच असेल तर बोधासाठीं. ह्या दोहोंपलीकडे एक तिसरें उत्तर आहे. मनुष्यस्वभावाची ओळख पटावी म्हणूनहि कादंबरी वाचावी. शेजारीपाजारी, आप्तइष्ट आणि आपण स्वतः जसे वागतों तसे कां वागतों, हें रोजच्या व्यवहाराच्या गर्दींत पाहावयास आपणांस सवड नसते. आणि सवड असली तरी धैर्य नसतें. चांगली कादंबरी ती सवड आणि तें धैर्य थोडा वेळ आपणांस उसनें देते. आज मी अशा एका कादंबरीविषयीं बोलणार आहें. ती आकारानें लहान आहे. दोन संध्याकाळींत वाचून होते. परंतु पुस्तक मिटल्यावर तिनें विचारलेले प्रश्न मिटत नाहींत, असा माझा अनुभव आहे. तिचें नांव 'रणांगण', आणि तिचे कर्ते विश्राम बेडेकर.

वऱ्हाडांतील श्रोत्यांना हें नांव परकें वाटूं नये. बेडेकरांचा जन्म १३ ऑगस्ट १९०६ रोजीं अमरावतीस झाला. पुढें त्यांचें कर्तृत्व मुख्यतः पुण्या-मुंबईकडे, रंगभूमीवर आणि चित्रपटसृष्टींत बहरलें. प्रभातच्या १९४४ सालच्या 'रामशास्त्री' ह्या बोलपटाच्या दिग्दर्शकांत ते होते. 'टिळक आणि आगरकर' हें त्यांचें नाटक नांवाजलें गेलें, आणि 'एक झाड आणि दोन पक्षी' ह्या त्यांच्या आत्मचरित्राला १९८५ सालचें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्यांच्या पत्नी मालतीबाई म्हणजेच आपल्या विभावरी शिरूरकर. 'कळ्यांचे निःश्वास' लिहून त्यांनीं १९३३ सालीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांची झोंप उडविली होती. बेडेकर १९९८ सालीं निवर्तले. एवढ्या दीर्घ आयुष्यांत त्यांनीं कादंबरी मात्र एकच लिहिली, आणि ती १९३९ सालीं प्रसिद्ध झाली.

तो काळ मराठी कादंबरीच्या भरभराटीचा होता. फडक्यांच्या कादंबऱ्यांतील सुंदर नायक-नायिकांवर तरुण पिढी लुब्ध होती. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतील ध्येयवादानें तीच पिढी भारावून जात होती. एकीकडे प्रीतीचें चांदणें, दुसरीकडे त्यागाचा यज्ञ. ह्या दोहोंच्या मधून 'रणांगण' आली. तिच्यांत प्रीति आहे. पण चांदणें नाहीं. तिच्यांत होरपळ आहे. पण यज्ञ नाहीं. पुढील पिढ्यांच्या जाणत्या वाचकांनीं मराठींतील आधुनिक कादंबरीच्या अग्रभागीं तिला स्थान दिलें, तें ह्याच वेगळेपणामुळें.

कथा थोडक्यांत सांगतों. युरोपांतून हिंदुस्थानकडे येणाऱ्या एका बोटीवर चक्रधर विध्वंस नांवाचा मराठी तरुण आहे. त्याच्या बरोबर मन्नान, शिंदे असे कांहीं हिंदी सोबती आहेत. त्याच बोटीवर जर्मनींतून हांकलून दिलेलीं ज्यू कुटुंबें आहेत. तीं मुंबईस उतरणार नाहींत; त्यांना पुढें पूर्वेकडे, चीनच्या दिशेनें जावयाचें आहे. त्या निर्वासितांत हॅर्टा नांवाची एक तरुण स्त्री आहे. थोड्याशा दिवसांच्या प्रवासांत चक्रधर आणि हॅर्टा एकमेकांच्या जवळ येतात. मुंबई येते. चक्रधर उतरतो, हॅर्टा पुढें जाते. मागें राहतात तिचीं पत्रें, आणि शेवटीं ही वार्ता कीं, तिनें समुद्रांत आपलें जीवन संपविलें. घटना म्हणून पाहिलें तर एवढेंच.

ह्या एवढ्याशा कथेचा अर्थ नीट लागावा म्हणून तिच्या मागची खरी परिस्थिति डोळ्यांपुढें ठेवली पाहिजे. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली. १९३५ सालच्या न्युरेंबर्ग येथील कायद्यांनीं ज्यू लोकांचें नागरिकत्व हिरावून घेतलें आणि जर्मनांशीं त्यांचा विवाह हा गुन्हा ठरविला. १९३८ सालच्या ऑक्टोबरांत त्यांच्या पासपोर्टावर 'ज्यू' ह्या अर्थाचें तांबडें आद्याक्षर छापण्यांत येऊं लागलें. आणि नोव्हेंबरच्या ९ व १० तारखांस देशभर त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं, दुकानें फोडण्यांत आलीं. देश सोडणाराला जवळ रोख म्हणून अवघे दहा मार्क नेतां येत. पिढ्यान्पिढ्या त्या देशांत वाढलेला डॉक्टर, वकील, व्यापारी हातांत एक पेटी आणि खिशांत दहा मार्क घेऊन निघत असे.

निघत असे खरा. पण जाणार कोठें? १९३८ सालच्या जुलैंत फ्रान्समधील एव्हियाँ ह्या गांवीं ३२ देशांचे प्रतिनिधि ह्याच प्रश्नाचा विचार करण्यासाठीं जमले. बहुतेक प्रत्येकानें उभें राहून सहानुभूति व्यक्त केली, आणि मग आपल्या देशाला अधिक माणसें घेणें कां शक्य नाहीं तें सांगितलें. जागा नाहीं, काम नाहीं, लोकमत अनुकूल नाहीं. १९३९ च्या मे महिन्यांत 'सेंट लुई' नांवाची बोट ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला पोंचली. थोडे अपवाद सोडतां कोणाला तेथें उतरूं दिलें नाहीं. अमेरिकेनेंहि दार उघडलें नाहीं. बोट युरोपला परतली. त्या प्रवाशांपैकीं २५४ जण पुढें नाझींच्या हातून मारले गेले. चीनमधील शांघाय हें एकच मोठें शहर असें होतें कीं, जेथें उतरतांना त्या काळीं कोणी परवाना मागत नसे. तेंहि १९३७ सालच्या जपानी हल्ल्यानें अर्धें उद्ध्वस्त झालेलें. तरी हजारों ज्यू तिकडे गेले, आणि हालअपेष्टा सोसून त्यांतील बहुसंख्य जगले. 'रणांगण' मधील बोट ही ह्या खऱ्या बोटींची बहीण आहे. आणि हें विसरूं नये कीं, ही कादंबरी साठ लाख ज्यूंच्या हत्येच्या आधीं लिहिलेली आहे. पुढें काय होणार हें लेखकाला ठाऊक असणें शक्य नव्हतें. त्यानें समोरच्या माणसांकडे नीट पाहिलें, एवढेंच.

आतां, ही कादंबरी वाचतांना माझ्या मनांत काय काय उमटत गेलें, तें सांगतों.

प्रथम तिच्या नांवानेंच मी बुचकळ्यांत पडलों. रणांगण म्हणावें तर येथें तोफ नाहीं, खंदक नाहीं, सैनिक नाहीं. डेक आहे, केबिनी आहेत, भोजनाची घंटा आहे. मग रण तें कोणतें? थोडें वाचल्यावर ध्यानांत येतें कीं, युद्धाचा जाहीर प्रारंभ होण्यापूर्वींच ह्या माणसांच्या आयुष्यांवरून युद्ध एकदां जाऊन आलेलें आहे. त्यांचीं घरें पडलेलीं आहेत, नातीं तुटलेलीं आहेत. आणि आणखी वाचल्यावर ध्यानांत येतें कीं, ह्याहून खोल असें एक रणांगण चक्रधराच्या छातींत आहे. कादंबरीचा खरा विषय तें आहे.

चक्रधराच्या मागल्या आयुष्यांत उमा नांवाची एक मुलगी आहे. तिच्यावर त्यानें जीव लावला, आणि त्या प्रेमानें त्याचा भंग केला. ही गोष्ट जगांत नवी नाहीं. नवें आहे तें त्या जखमेचें बेडेकरांनीं केलेलें निदान. उमेनें दुखविलें, म्हणून स्त्रिया अशाच. एका मुलीचा राग सर्व स्त्रीजातीवर. हा हिशेब चक्रधरानें मनांत पक्का केला आहे, आणि ह्या हिशेबाच्या आधारेंच तो हॅर्टाकडे पहिल्यानें पाहतो. तिच्याशीं त्याची पहिली जवळीक प्रेमाची नाहीं; एखादा दुखावलेला पुरुष वेळ घालविण्यासाठीं आणि मनांतल्या मनांत सूड उगविण्यासाठीं जी जवळीक करतो, तशी ती आहे.

येथें मी पुस्तक क्षणभर खालीं ठेविलें. कारण एक गोष्ट लख्ख दिसली. हिटलरनें जर्मनीला शिकविलेला हिशेब ह्याहून वेगळा कोठें होता? जर्मनी एक युद्ध हरली, जर्मनी दरिद्री झाली. म्हणून ज्यू दोषी, आणि ज्यू सगळे असेच. एकाचा राग सर्वांवर, आणि स्वतःच्या जखमेचें खापर एका संबंध जातीच्या माथीं. राक्षसी राज्यसत्तेचें तर्कशास्त्र आणि प्रेमभंग झालेल्या एका सुशिक्षित, सभ्य मराठी तरुणाचें तर्कशास्त्र एकाच पाटीवर शिकलेलें आहे. फरक एवढाच कीं, एकाच्या हातीं पोलीस आणि सैन्य होतें; दुसऱ्याच्या हातीं एका स्त्रीचें मन. बेडेकर हें कोठेंहि व्याख्यानाप्रमाणें सांगत नाहींत. ते दोन्ही गोष्टी एका बोटीवर ठेवतात आणि बाजूस होतात. पण वाचकाला एकदां हें साम्य दिसलें कीं, द्वेष ही कोणा दूरच्या दुष्ट लोकांची वस्तु आहे, हें समाधान त्याला उरत नाहीं.

कारण श्रोतेहो, "सगळे असेच" हे दोन शब्द आपल्या घरांत दिवसांतून किती वेळां उच्चारले जातात? एका भाडेकरूनें भाडें थकविलें कीं अमुक जातीचे लोक सगळे असेच. एका व्यापाऱ्यानें कापसाच्या मापांत फसविलें कीं ते सगळे असेच. एका सुनेनें उलट उत्तर दिलें कीं शिकलेल्या मुली सगळ्या अशाच. आपण हें रागानें म्हणतों असेंहि नाहीं. सुपारी कातरतांना, सहज म्हणतों. 'रणांगण' वाचल्यापासून हे दोन शब्द जिभेवर आले कीं मी थबकतों.

आतां हॅर्टाकडे वळूं. "सगळे असेच" असें म्हणण्याचा अधिकार ह्या बोटीवर कोणाला असेल तर तो तिला आहे. तिचें घर गेलें, देश गेला, उद्यांचा भरवसा गेला. जें घडलें तें एका माणसाकडून नव्हे. एका संबंध राष्ट्राच्या नांवानें घडलें. तिनें माणसांवरचा विश्वास टाकला असता तर कोणीहि तिला दोष दिला नसता. पण ती तसें करीत नाहीं. एका परक्या देशाच्या, परक्या वर्णाच्या, परक्या भाषेच्या माणसाला ती आपलें मन देते. आणि देतांना मागेंपुढें पाहत नाहीं. चक्रधराची जखम बोटभर आणि द्वेष समुद्राएवढा; हॅर्टाची जखम समुद्राएवढी आणि द्वेष नाहीं. मनुष्यस्वभावाचीं हीं दोन टोकें लेखकानें समोरासमोर बसविलीं आहेत. मला वाटतें, प्रेमकथेच्या रूपानें सांगितलेला हा माणसाविषयींचा एक मोठा सिद्धांत आहे: माणसाला द्वेष करावयास जखम लावीत नाहीं; त्या जखमेचा तो जो हिशेब मांडतो, तो लावतो. आणि हिशेब वेगळा मांडतां येतो, ह्याचा पुरावा हॅर्टा आहे.

हॅर्टाच्या सहवासांत चक्रधर बदलतो. त्याच्या मनांतील ती कडवट गांठ हळूहळू सुटूं लागते. वाचकाला वाटतें, आतां हा माणूस वांचला. आणि तेव्हांच मुंबई येते.

माझा सर्वांत मोठा क्षोभ ह्या ठिकाणीं झाला. तो उतरतो. ती जाते. तो तिला थांबवीत नाहीं. मीं पुस्तक संपविलें तें चक्रधरावर संतापूनच. पुढें ही कादंबरी मीं अकोल्यास एका परिचित घरीं मोठ्यानें वाचून दाखविली. तीन रात्रीं वाचन चाललें. वाचन संपल्यावर घरांतील एक वृद्ध बाई, ज्यांची सारी हयात वऱ्हाडांत गेली, त्या कांहीं वेळ गप्प राहून म्हणाल्या, "उतरून घ्याची होती ना बाप्पा त्या पोरीले. मंगचं मंग पाह्यलं असतं." घरांत एक वकील होते. ते म्हणाले, "काकू, तसं करतां येत नव्हतं. ब्रिटिश सरकारचा कायदा होता. व्हिसा पाहिजे, कोणीतरी निर्वाहाची हमी घ्यायला पाहिजे. बोटीवरची बाई अशी हात धरून उतरवितां येत नाहीं." त्यावर बाई म्हणाल्या, "नसन येत. पण त्यानं धरला होता का हात?"

वकीलसाहेबांजवळ ह्यावर उत्तर नव्हतें, आणि माझ्याजवळहि नाहीं. वकिलांचें म्हणणें खोटें नव्हतें. कायदा होता, परवाने होते. परंतु बाईंनीं जो प्रश्न विचारला तो कायद्याचा नव्हता. अशक्य असलेली गोष्ट करतां आली नाहीं, म्हणून माणसाला कोणी अपराधी म्हणत नाहीं. प्रयत्न करून हरणें वेगळें, आणि अशक्य आहे हें आधींच मान्य करून प्रयत्नांतून सुटणें वेगळें. चक्रधर दुष्ट नाहीं. तो हॅर्टाला फसवीत नाहीं, तिचा छळ करीत नाहीं. त्याला दुःखहि होतें. त्याच्या हातून जें घडतें तें एवढेंच कीं, निर्णयाची वेळ येते आणि तो ती जाऊं देतो. एव्हियाँच्या सभेंत ३२ देशांनीं मोठ्या मेजाभोवतीं बसून जें केलें, तेंच एका डेकवर एका माणसानें केलें: सहानुभूति दाखविली आणि अडचणी मोजल्या. द्वेषानें जितकीं माणसें मरतात त्यांहून अधिक अशा सभ्य दिरंगाईनें मरतात कीं काय, अशी शंका मला ह्या कादंबरीनें लावून दिली आहे.

ह्या नायकाच्या नांवाविषयींहि थोडें बोलावेंसें वाटतें. चक्रधर हें श्रीकृष्णाचें नांव. आणि रणांगण म्हटल्यावर कुरुक्षेत्र आठवणें स्वाभाविकच आहे. त्याला जोडलेलें विध्वंस हें आडनांव तर बोलकें आहेच. परंतु अमरावतीकडच्या वाचकाला ह्या नांवावरून आणखी एका चक्रधरांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मोर्शी तालुक्यांतील ऋद्धपूर हें महानुभाव पंथाचें पवित्र क्षेत्र. तेथें गोविंदप्रभु राहत, आणि त्यांचे शिष्य म्हणजे तेराव्या शतकांतील श्रीचक्रधरस्वामी. मूळचे गुजरातेंतून आलेले. म्हणजे तेहि ह्या प्रांतीं परकेच. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनीं गांवोगांव फिरून गोळा केल्या, आणि मराठींतील आद्य गद्यचरित्र 'लीळाचरित्र' तयार झालें. लेखकाच्या मनांत हा संबंध होता असें माझें म्हणणें नाहीं. वाचकाच्या मनांत तो जुळतो, एवढेंच मी सांगत आहें.

'लीळाचरित्रां'तील सशाची गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांनीं शाळेच्या पुस्तकांत वाचली असेल. स्वामी झाडाखालीं बसले आहेत. शिकारी कुत्रीं घेऊन एका सशाच्या मागें लागले आहेत. जिवाच्या भयानें ससा धांवत येतो आणि स्वामींच्या मांडीखालीं दडतो. शिकारी येऊन आपली शिकार मागतात. हक्क त्यांचा आहे, रीत त्यांची आहे. स्वामी ससा देत नाहींत. जो आसऱ्याला आला त्याला परत देतां येत नाहीं, इतकेंच ते शांतपणें समजावून सांगतात. आणि शिकारी निघून गेल्यावर सशाला मोकळें करतात. ह्या गोष्टींत स्वामींनीं सशाचें कुळ विचारलें नाहीं, शिकाऱ्यांशीं युद्ध केलें नाहीं, जगांतील सर्व शिकार बंद करण्याची प्रतिज्ञाहि केली नाहीं. समोर जो आला त्याच्यावरून त्यांनीं मांडी उचलली नाहीं. एका चक्रधरानें सातशें वर्षांपूर्वीं जें सहज केलें, तें विसाव्या शतकांतील दुसऱ्या चक्रधराला कां साधलें नाहीं? पहिल्याच्या मनांत जगाविषयीं कांहीं हिशेब शिल्लक नव्हता. दुसऱ्याच्या मनांत फार होता. मला तरी ह्याहून वेगळें उत्तर सुचत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें पुस्तकांत ठीक. आपल्या वऱ्हाडाचा, आपल्या गृहस्थी जीवनाचा ह्या बोटीशीं संबंध काय? संबंध आहे. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर पुरीं दहा वर्षेंहि गेलीं नाहींत तोंच तो प्रश्न आपल्या दारीं येऊन उभा राहिला. १९४७ सालीं फाळणी झाली. सिंधमधील हिंदु कुटुंबें घरदार सोडून कराचीहून बोटींनीं मुंबईच्या बंदरास लागलीं. कांहीं आगगाड्यांतून आलीं. त्याच वेळीं उलट दिशेनेंहि माणसें घरें सोडून गेलीं. आलेल्यांपैकीं कित्येकांना वऱ्हाडांत आणून ठेवण्यांत आलें. अकोल्यांतील सिंधी कॅम्प, अमरावतींतील रामपुरी कॅम्प हीं नांवें त्या दिवसांची खूण म्हणून आजहि टिकून आहेत. अमरावतींत कंवर नगर आहे. तें नांव ज्यांचें, ते सिंधचे संतगायक भगत कंवरराम. त्यांचा १९३९ सालच्या नोव्हेंबरांत सिंधमधील एका रेल्वे स्टेशनवर गोळी घालून खून झाला. ज्या वर्षीं अमरावतीच्या एका सुपुत्रानें द्वेषाचें निदान करणारी कादंबरी लिहिली, त्याच वर्षीं द्वेषाचा बळी झालेल्या एका साधूचें नांव पुढें त्याच अमरावतींतील एका वस्तीला मिळालें. योगायोगाला अर्थ चिकटवूं नये हें खरें; पण त्या वस्तीवरून जातांना मला हा योगायोग आठवतोच.

त्या वेळीं आपल्या शहरांनीं काय केलें? माणसें जसें करतात तसेंच केलें. कोणीं ओसरी मोकळी करून दिली, कोणीं पाण्याचा हंडा दिला, आणि कोणीं दाराआडून पाहून म्हटलें, "हे लोक सगळे असेच." ज्यांच्या घरच्या वडील माणसांना ते दिवस आठवत होते, त्यांनीं दोन्ही प्रकार ऐकले आहेत. निर्वासित हा शब्द माणसाची अडचण सांगण्यासाठीं निघाला, आणि कित्येक वर्षें तो माणसाची जात सांगितल्यासारखा वापरला गेला. आज त्या वस्त्यांतील तिसरी-चवथी पिढी आपल्या बाजारपेठेंत आहे, आपल्या मुलांबरोबर शिकते आहे, आणि वऱ्हाडी बोलते आहे.

एका आक्षेपाचा विचार केल्यावांचून हें भाषण संपवितां येत नाहीं. दार सर्वांनाच उघडावें, तर घर घर राहील काय? हा आक्षेप उथळ नाहीं. अमरावतीच्या जुन्या शहराभोवतीं परकोट आहे. पेंढाऱ्यांच्या भयानें, व्यापारी आणि गृहस्थ सुखानें राहावेत म्हणून, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत निजामाच्या अमलांत तो बांधला गेला. भय खरें होतें, आणि भिंतहि योग्यच होती. परंतु त्या भिंतीला मोठे दरवाजे ठेविले, आणि दरवाजांखेरीज लहान खिडक्याहि ठेविल्या. भिंत बांधणाऱ्यांना हें कळत होतें कीं, बाहेरून येणारा प्रत्येक जण पेंढारी नसतो. कोण लुटावयास आला आणि कोण जीव वांचवावयास आला, हें दारांत उभें राहून, त्याच्या तोंडाकडे पाहूनच ठरवावें लागतें. भिंतीवर बसून ठरवितां येत नाहीं. "सगळे असेच" म्हणणारा मनुष्य खिडकी बुजवून टाकतो, आणि मग त्याला तोंड दिसेनासें होतें.

बेडेकरांनीं आपल्या आत्मचरित्राला दिलेलें नांव उपनिषदांतील आहे. एका झाडावर दोन पक्षी बसले आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. 'रणांगण' लिहितांना त्यांच्यांतील हा पाहणारा पक्षी पूर्ण जागा होता असें मला वाटतें. म्हणूनच त्यांनीं नायकाला क्षमाहि केली नाहीं आणि फांसावरहि दिलें नाहीं. त्यांनीं त्याला जसा आहे तसा दाखविला, आणि न्याय आपणांवर सोपविला. ज्या कादंबरींत दुष्टाला शिक्षा होते ती वाचून आपण समाधानानें झोंपतों. येथें दुष्ट म्हणून बोट दाखवावें असा मनुष्य सांपडत नाहीं, आणि तरी एक निरपराध स्त्री समुद्राच्या तळाशीं जाते. तेव्हां तो दोष कोठें तरी वांटावा लागतो, आणि वांटतां वांटतां थोडा आपल्याहि पदरीं येतो.

माझें श्रोत्यांना, विशेषतः ज्या घरांत तरुण मुलें-मुली आहेत अशा घरांना, सांगणें आहे कीं, ही कादंबरी एकेकट्यानें वाचण्यापेक्षां एकत्र बसून वाचावी. रोज पांच-पंचवीस पानें मोठ्यानें वाचलीं तरी आठवड्याच्या आंत ती संपते. मुलींना चक्रधराविषयीं काय वाटलें तें मुलांसमोर विचारावें, आणि मुलांना हॅर्टाविषयीं काय वाटलें तें मुलींसमोर. मतें जुळणार नाहींत, जुळूंहि नयेत. मात्र वाद संपण्यापूर्वीं प्रत्येकानें एकदां त्या वृद्ध बाईंचा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या आयुष्यांत मुंबईचें बंदर केव्हां ना केव्हां येतेंच. तें बोटीचेंच असतें असें नाहीं. घरकामाची बाई आजारी पडते तेव्हां तें येतें, शेजारच्या वेगळ्या धर्माच्या कुटुंबाला कोणी घर देत नाहीं तेव्हां तें येतें. त्या क्षणीं कायदा काय म्हणतो आणि लोक काय म्हणतील, हें आपणांस कोणी न विचारतां आठवतें. त्याच क्षणीं हॅर्टाहि आठवावी, एवढ्यासाठीं ही कादंबरी वाचावयाची.